सुपारीची डबी

लातूर, ११ जून २०२३

श्रीमती कावेरीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारी नांदेडच्या दवाखान्यात तुम्ही एकदम समोर आलात आणि मी गडबडून गेलो. उमरीच्या शाळेत दहा वर्षं मी तुमच्या हातची खिचडी खाल्ली, पण तुम्हाला अशा रांगेत पाहीन असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "सर, तुमी हितं कसे?" मी सांगितलंच, एका ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट न्यायला आलो होतो. मग व्हरांड्यात तुम्ही डबा उघडलात, मला अर्धी भाकरी दिलीत, मी खाल्ली, वर सवयीची सुपारी तोंडात टाकली आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो. हा आजार नेमका काय, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. ते आता देतो. मी जीवशास्त्र शिकवलेला माणूस आहे, उत्तर अर्धं ठेवलं की मला झोप येत नाही.

तुमच्या कागदावर डॉक्टरांनी जे लांबलचक इंग्रजी नाव लिहिलंय तो रक्ताचा कर्करोग आहे, पण सावकाश चालणारा. आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथल्या एका पेशीत नऊ आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटले. का, ते कुणाला माहीत नाही. तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही, कुणी काही केलं म्हणून नाही. त्या चुकीच्या जोडामुळे पांढऱ्या पेशी करायचा हुकूम सुटतो आणि तो थांबतच नाही. म्हणून तुमच्या पांढऱ्या पेशी अडीच लाखांवर गेल्या आणि डाव्या बरगडीखाली पोट टणक लागतं, ती प्लीहा सुजली आहे.

शाळेच्या गॅसचं बटण अडकलं होतं ते आठवतं? आच कमी होईना, तुम्ही हाताने बटण दाबून धरलंत तेव्हा कुठे खिचडी वाचली. ही गोळी म्हणजे तो हात. हात काढला की आच पुन्हा मोठी. म्हणून गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी, सण असला तरी. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर, आणि वर मोठा ग्लासभर पाणी. रिकाम्या पोटी घेतलीत तर ओकारी होईल. उपवास करायचे नाहीत. देवाला मी समजावतो.

काही विचारायचं असेल तर फोन न करता पत्रच लिहा. माझा डावा कान गेलाय. आमच्या सौदामिनीने तुम्हाला दुपारी बसवून लिहायला शिकवलं ते वाया जाऊ देऊ नका.

आपला,
दत्तोपंत

उमरी, २८ जून २०२३

दत्तोपंत सरांना कावेरीबाईचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी बोलते तसंच लिहिते, लाल पेन काढू नका. फोन मलाबी नको वाटतो. आमचा पोरगा हनुमंत फोन मोठ्या आवाजावर लावतो आणि अर्धी गल्ली आईकते.

गोळी चालू केली. पहिले आठ दिवस मळमळलं, आता बरंय. पायाला गोळे येतात. सकाळी डोळ्याच्या खाली सुजतं. शाळेतल्या बाया विचारतात, रडलीस का गं? मी म्हणते कांदे चिरले. त्या म्हणतात, खिचडीत एवढा कांदा कधीपासून घालून राहिलीस?

गॅसच्या बटणाचं लई पटलं. डॉक्टर सायबानं एवढं सांगितलं होतं पण हातात काही लागलं नव्हतं.

एक विचारते. रागावू नका. हा आजार लपवायचा असतो का? घरात फकस्त हनुमंतला माहीत आहे. माझ्या लेकीला, राजकन्याला बी पूर्ण सांगितलं न्हाई. तिच्यासाठी स्थळं पाहून राहिलोत. लोक म्हणतील रक्तातच खोट आहे. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही असता तर काय केलं असतं?

वहिनींना नमस्कार.
कावेरीबाई

लातूर, ९ जुलै २०२३

श्रीमती कावेरीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

डोळ्यांखालची सूज गोळीची आहे. घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर शास्त्राने द्यायचं तर सरळ आहे. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आईचा मुलीला जात नाही. जन्मल्यानंतर एका पेशीत झालेली चूक आहे, ती वारशात उतरत नाही. राजकन्याच्या रक्तात काही खोट नाही, हे मी फळ्यावर लिहून सही करून देईन.

तेव्हा लपवण्यासारखं त्यात काही नाही. मात्र लोक शास्त्र वाचून सोयरीक करत नाहीत. सगळ्यांना सगळं सांगितलंच पाहिजे असंही नाही. वेळ पाहून वागावं. मी असतो तर काय केलं असतं हा प्रश्न गैरलागू आहे, कारण मी नाही.

पुढच्या वेळी रिपोर्टचा आकडा कळवा. तो चुकीचा जोड रक्तात किती उरला ते त्या तपासणीत कळतं. तीन महिन्यांनी दहाच्या खाली, सहा महिन्यांनी एकच्या आसपास, वर्षाने त्याच्याही दहाव्या हिश्श्यावर. हा तुमचा अभ्यासक्रम.

आपला,
दत्तोपंत

उमरी, २० डिसेंबर २०२३

दत्तोपंत सरांना नमस्कार.

पास झाले! गुरुवारी रिपोर्ट मिळाला. शून्य पूर्णांक आठ. डॉक्टर हसले, म्हणाले, मावशी, अशीच गोळी घेत राहा. पोटाचा टणकपणा गेला. शाळेतलं मोठं पातेलं आता एकटी उतरवते.

तुम्हाला रांगेत शोधलं. मागच्या तीन खेपेलाबी पाहिलं. तुमच्या ओळखीचा माणूस बरा झाला वाटतं. चांगलं झालं.

दुसरी बातमी. राजकन्याचं जमलं. मुदखेडचे लोक आहेत, पोरगा तिथंच शाळेत क्लार्क आहे. त्याची आई शिवकांताबाई, बोलायला खणखणीत. एप्रिलमध्ये लग्न आहे. आजाराचं काही बोलले न्हाई. तुम्ही लिहिलंत तसं वेळ पाहून वागले.

उमरीच्या बाजारातून एक सुपारीची डबी घेतली. पितळेची आहे. लई कामाची वस्तू.

लग्नाला वहिनींना घेऊन या.
कावेरीबाई

लातूर, ३ जानेवारी २०२४

श्रीमती कावेरीबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

शून्य पूर्णांक आठ वाचून मी एकटाच खुर्चीतून उठलो आणि टाळी वाजवली. सौदामिनी म्हणाली, कोण पास झालं? राजकन्याला आशीर्वाद. एप्रिलमध्ये आम्हाला उदगीरला लेक मनस्विनीकडे जावं लागेल, नातू वरदचा वाढदिवस असतो. लग्नाला येणं जमेल असं वाटत नाही. राग मानू नका.

सुपारी मात्र जपून खा. ती दातांना वाईट.

लग्नाच्या धांदलीत गोळी चुकवू नका. मांडवात असाल तर मांडवात घ्या.

आपला,
दत्तोपंत

उमरी, १६ जून २०२४

दत्तोपंत सरांना नमस्कार.

लग्न चांगलं झालं. वाईट बातमी आहे म्हणून आधी चांगली लिहिली.

रिपोर्ट वर गेला. सहा आला. डॉक्टर म्हणाले, मावशी, गोळ्या चुकल्या का? मी म्हणाले, न्हाई. रोज घेते. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, मग गोळीच लागू पडून न्हाई राहिली, पेशीनं रूप बदललं असेल. रक्त मुंबईला धाडलं. ते आल्यावर गोळी बदलायची, ती जास्त कडक असती म्हणे. आणि तीबी चालली न्हाई तर आजार जोरात उठतो, मग आवरत न्हाई.

सर, हे खरं आहे का? गोळी अशी दगा देते का?

कावेरीबाई

लातूर, २२ जून २०२४

कावेरीबाई यांस,

दगा गोळी क्वचित देते. माणूस रोज देतो.

मी तीस वर्षं मुलांच्या तोंडाकडे पाहून ओळखलंय, गृहपाठ केला की नाही. पत्राकडे पाहूनही ओळखतो. तुम्ही डॉक्टरांना खोटं बोललात. किती दिवस चुकवल्या? कुठला उपवास धरलात? की कुणा बाबाचा काढा सुरू केलात? तुमच्या एका शब्दावर डॉक्टर औषध बदलणार. चांगलं चाललेलं औषध हातचं जाईल, आणि पुढे औषधांच्या दोनच पायऱ्या असतात. मी एवढं सोपं करून सांगितलं, गॅसचं बटण सांगितलं, आणि तुम्ही हात काढून घेतलात!

तुम्हाला लाज वाटायला हवी. उलट टपाली खरं कळवा.

दत्तोपंत

उमरी, ३० जून २०२४

दत्तोपंत सरांना नमस्कार.

खरं लिहिते. एकोणचाळीस दिवस चुकले. उपवास न्हाई, काढा न्हाई.

लग्न झालं आणि मुदखेडला त्यांच्या घराचं स्लॅबचं काम निघालं. इहीनबाई, जावई, राजकन्या, सगळे आमच्याकडं राहायला आले. महिन्याच्या वर राहिले. मी म्हणायची, तुम्ही जेवा, मी मागून जेवते. शिवकांताबाई म्हणायच्या, "आमच्यासंगं बसा, नाहीतर आमचाबी घास उतरत न्हाई." मग जेवताना गोळी कशी काढू? पहिले चार दिवस जनावराच्या गोठ्यात जाऊन रिकाम्या पोटी घेतली. ओकले. इहीनबाई पाठीवरून हात फिरवायला आल्या आणि डोळ्याची सूज पाहून म्हणाल्या, "तुमाला काय झालंय खरं सांगा." मी म्हणाले पित्त. त्या दिवसापासून घेतलीच न्हाई. ते गेल्यावर चालू केली.

तुम्ही लिहिलं लाज वाटायला हवी. सर, लाजेपायीच तर झालं. ही लाज मला आधी नव्हती. गुरुवारी त्या रांगेत मी सगळ्यांना मोठ्यानं सांगत होते की मला रक्ताचा आजार झालाय. मग तुम्ही दिसलात.

तुम्ही भाकरी खाल्ली. डबी काढली. तांबूस पिवळी गोळी तोंडात टाकली आणि बाटलीभर पाणी प्यालात. सुपारी खाऊन कोणी बाटलीभर पाणी पीत न्हाई. मी रोज दोनशे पोरं जेवताना बघते, मला कळतं कोण काय खातंय. मग डॉक्टरनी मला माझी गोळी दाखवली. तीच होती.

तुम्हाला लपवायचं होतं म्हणून मी बोलले न्हाई. पण मनात म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, लातुरात दवाखाने असून नांदेडला येतो, बायकोनं शिकवलेली बाई भेटली तरी खोटं सांगतो, म्हणजे हा आजार लाजेचाच असणार. शाळेत तुम्ही जे कराल ते आम्ही खरं धरायचो. तुम्ही हात धुतलेत की पोरं धुवायची. मी डबी घेतली ती तुमचं बघून.

मी तुम्हाला दोष देत न्हाई. तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं. डॉक्टरला सांगायची हिंमत होत न्हाई. एकदम दोन खोटी कबूल करावी लागतील, गोळीचं आणि पित्ताचं.

कावेरीबाई

लातूर, २ ऑगस्ट २०२४

कावेरीबाई,

महिनाभर उत्तर दिलं नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. चारहीत मी कारणं देत होतो.

हो. मला दहा वर्षांपासून हाच आजार आहे. तीच गोळी. २०१४ साली कळलं तेव्हा मनस्विनी लग्नाची होती. मी वर्गात शिकवत होतो की हा दोष वारशाने जात नाही, आणि घरी दार लावून गोळी घेत होतो, की कुणी म्हणू नये आम्हा देशमुखांच्या रक्तात आहे. माझं शास्त्र शाळेच्या फाटकापाशी थांबत होतं. मनस्विनीचं लग्न उदगीरला झालं. सहा वर्षं व्याह्यांकडे मी पंगतीतून उठून मोरीत जाऊन गोळी घेतली आहे. लातुरात माझे विद्यार्थीच डॉक्टर आणि केमिस्ट, म्हणून एसटीने नांदेड. तुम्ही भेटलात त्यानंतर मी दवाखान्याचा माझा महिन्याचा दुसरा गुरुवार बदलून तिसरा करून घेतला. तुम्ही मला रांगेत शोधत होतात आणि मी तुम्हाला टाळत होतो. माझा कानही शाबूत आहे. सौदामिनीला माझा आजार माहीत आहे, तिच्यासमोर फोनवर तुमच्याशी खोटं बोलायला लागू नये म्हणून पत्राचं खूळ काढलं.

आणि तुम्हाला लिहिलं की "मी नाही"! वर तुम्हालाच लाज वाटायला हवी म्हणालो. कावेरीबाई, आजाराची कधी वाटली नाही एवढी लाज मला त्या एका ओळीची वाटते आहे.

गेल्या रविवारी उदगीरला गेलो. सगळे पंगतीला बसले होते. मी डबी नेलीच नव्हती, गोळ्यांचं पाकीट ताटाशेजारी ठेवलं. विहीणबाईंनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. शिकवतो तसं सांगता येईल वाटलं होतं, पण दोन वाक्यांच्या पुढे गेलो नाही. त्यांनी पहिलं काय केलं असेल तर वरदला जवळ ओढलं. "आमच्या लेकराला?" मी म्हणालो, नाही, हा रक्तातून उतरत नाही. जावई अनयने मान हलवली, त्याने विश्वास ठेवला. व्याही विश्वंभररावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "पंत, आजाराचं काही नाही. सहा वर्षं आमच्या ताटात जेवलात आणि आम्ही तुम्हाला सांगण्याच्या लायकीचे वाटलो नाही." मनस्विनी आत जाऊन रडली. तिला मीच गप्प बसवलं होतं आणि आज न विचारता मीच बोललो, त्याचा तिला राग आला. परतीच्या गाडीत सौदामिनी वेगळ्या बाकावर बसली. सगळं गोड झालं असं तुम्हाला खोटं लिहिणार नाही. खोटं पुष्कळ लिहून झालं.

पण गोळी मी त्या पंगतीत घेतली.

येत्या गुरुवारी, ८ तारखेला, मी नांदेडला येतो. तुमच्या गुरुवारी. माझा केसपेपर हातात घेऊन तुमच्या मागे उभा राहतो. तुम्ही डॉक्टरांना एकोणचाळीस सांगा. तुम्ही सांगितल्यावर मीही सांगेन, कारण पंगतीतून उठायला जमलं नाही म्हणून माझ्याही पुष्कळ चुकल्या आहेत. मी कधी मोजल्या नाहीत, तुम्ही मोजल्यात.

माफी मागतो.

दत्तोपंत

उमरी, १७ नोव्हेंबर २०२४

दत्तोपंत सरांना कावेरीबाईचा नमस्कार.

ह्या खेपेच्या गुरुवारी तुम्ही आला न्हाईत. वहिनीला ताप आहे म्हणून हनुमंतला फोन केलात ते कळलं. खरं असेल असं धरते. तुमचा फोन पण त्यानं मोठ्या आवाजावरच लावला होता, तुम्ही तुमच्या रिपोर्टचं बोललात आणि गल्लीनं आईकलं की सरांनाबी तोच आजार आहे. आता मला शाळेतल्या बाया विचारतात, सर कसे आहेत? माझं कोणी विचारत न्हाई.

रिपोर्ट शून्य पूर्णांक तीन आला. मुंबईचा कागद चांगला आला होता तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, पेशीनं काही बदललं न्हाई, जुनीच गोळी चालती. आता म्हणाले अजून खाली आलं पाहिजे. ऑगस्टला आपण दोघं त्यांच्यापुढं उभे होतो ना, पोरं वर्गाबाहेर उभी राहतात तशी. ते रागावले न्हाईत याचंच मला वाईट वाटलं.

तुम्हाला सांगायचं राहिलं. ऑगस्टच्या त्या गुरुवारी तुम्ही बसमध्ये बसलात आणि दुसऱ्या दिवशी पंचमी होती. शिवकांताबाई राजकन्याला घेऊन आल्या. मी ताटाशेजारी पाकीट ठेवलं. सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोयरिकीच्या टायमाला का न्हाई सांगितलं?" मी म्हणाले, "लाजले. पोरगी परत धाडसाल म्हणून भ्याले." त्या अर्ध्या ताटावरून उठल्या आणि गेल्या. राजकन्या रडत त्यांच्या मागं गेली. तीन महिने होत आले तरी त्यांचा फोन न्हाई. राजकन्या चोरून बोलायची. मला वाटायचं, सरांचं आईकून मी लेकीचं वाटोळं केलं. खरंच वाटायचं. तुम्हाला कळवलं न्हाई कारण तुम्ही स्वतःला बोल लावला असता, आणि वरून मलाबी.

भाऊबीजेला राजकन्या हनुमंतला ओवाळायला आली. संगं शिवकांताबाई. माझ्याकडं बघितलं न्हाई. संध्याकाळी शेजारपाजारची पंचवीस माणसं जेवायला होती. मी वाढत होते, मग बसले. पाकीट कमरेलाच होतं. खरं सांगते सर, त्या समोर बसल्या म्हणून काढायला हात होईना. म्हटलं आज राहू दे. एक दिवस.

तेवढ्यात शिवकांताबाई उठल्या. त्यांनी स्वतः रांजणातून तांब्या भरला, माझ्या ताटापुढं आदळला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "इहीनबाई, तुमची कॅन्सरची गोळी झाली का? माझ्या सुनेला आई पायजे अजून."

सगळी पंगत माझ्याकडं बघून राहिली. मला लई लाज वाटली, सर. पण मी गोळी तोंडात टाकली, तांब्या उचलला, आणि पाणी संपेपर्यंत खाली ठेवला न्हाई.

वहिनींचा ताप उतरला की कळवा.

कावेरीबाई